तिरकी हॅट, पिस्तूल आणि जादू

अंधारी गल्ली, तिरकी हॅट, खिशात पिस्तूल. नॉयर म्हटलं की हे सगळं आलंच. पण त्यातला डिटेक्टिव्ह समोरच्या गुंडाला बोटही न लावता थेट छतावर आपटत असेल तर? लॅरी कोरियाच्या 'हार्ड मॅजिक'चा फंडा नेमका हाच आहे. २०११ साली आलेली ही कादंबरी म्हणजे 'ग्रिमनॉयर क्रॉनिकल्स' या त्रयीतलं पहिलं पुस्तक.

काळ १९३०च्या दशकातला, देश अमेरिका. पण हा इतिहास शाळेत शिकवलेला नव्हे. इथे एकोणिसाव्या शतकातच काही माणसांच्या अंगात जादू आलीय. आकाशात एअरशिपचा थाट आहे आणि प्रत्यक्षात १९२६ मध्ये वारलेले बंदूक-डिझायनर जॉन ब्राउनिंग इथे चक्क जिवंत आहेत!

हे सगळं सॉल्लिड आहेच, पण पुस्तक आपलंसं वाटतं ते जेक सुलिव्हनमुळे. महायुद्धातला सैनिक, तुरुंगातून सुटलेला, पोटासाठी डिटेक्टिव्हगिरी करणारा. त्याची पॉवर म्हणजे गुरुत्वाकर्षण. अशांना इथे 'हेवी' म्हणतात. ओझी उचलायला बरे, डोक्याने मठ्ठ, असा सगळ्यांचा समज. ऑफिसात 'हा काय, सपोर्टवाला' म्हणून कुणी तुम्हाला निकालात काढलं असेल, तर ही कळ लगेच कळेल.

जेक मात्र वाद घालत बसत नाही. तुरुंगात तो वाचतो आणि स्वतःच्या पॉवरवर प्रयोग करतो. खाली ओढणारी शक्ती बाजूला, अगदी वरसुद्धा वळवता येते, हे त्याला उमगतं. मग जमीन कुठली आणि छत कुठलं, हे तोच ठरवतो!

आणि नॉयर? ते सुटकेच्या अटीत आहे. जादूवाले गुन्हेगार पकडून दे, मग मोकळा, असा सौदा. पलीकडे जे. एडगर हूवरची माणसं, आणि ती खरं बोलतीलच असं नाही. गँगस्टरपेक्षा सरकारी कागदाची भीती जास्त वाटते, ती इथे.

बंदुकांची वर्णनं जरा अतीच आहेत आणि जपानी खलनायक सरसकट काळे रंगवलेत, हे खटकतं. तरी वीकेंड वसूल!

जाता जाता, कोरिया स्वतः अकाउंटंट होता. प्रकाशकांचे नकार पचवून पहिली कादंबरी त्याने स्वतःच छापली होती. तेव्हा शेजारच्या क्युबिकलमधल्या 'हेवी'ला हलक्यात घेऊ नका, बॉस!