एका ओळीत अख्खं गाणं मिळत असताना खिशातल्या सिंथेसायझरवर सोळा बटणं कशाला दाबायची?

डीझर ही फ्रान्सची म्युझिक स्ट्रीमिंग कंपनी. जानेवारी २०२५ मध्ये तिने सांगितलं, की तिच्याकडे रोज साधारण १०,००० गाणी पूर्णपणे एआयने बनवलेली येतात. नोव्हेंबरपर्यंत हाच आकडा रोज ५०,००० झाला. म्हणजे त्या दिवसात अपलोड होणाऱ्या गाण्यांपैकी एक तृतीयांश. त्याच वर्षी डीझरने इप्सॉसकडून करून घेतलेल्या पाहणीत आठ देशांतल्या ९,००० लोकांना गाणी ऐकवली, तर ९७ टक्के लोकांना माणसाचं कुठलं आणि एआयचं कुठलं हे ओळखता आलं नाही. स्पॉटिफायनेही २०२५ मध्ये सांगितलं, की आधीच्या १२ महिन्यांत त्यांनी ७.५ कोटींहून जास्त स्पॅम ट्रॅक काढून टाकले.

हे सगळं वाचत असताना मी गेले काही महिने जे करतोय ते याच्या बरोब्बर उलट आहे. कॅल्क्युलेटरएवढ्या एका यंत्रावर एकेक बटण दाबून दहा सेकंदांचं संगीत बनवायला मी अख्खी संध्याकाळ घालवतो. निघतो तो आवाज जुन्या व्हिडिओ गेमसारखा, टीं-टीं-टूं. मित्र विचारतात, "अरे, सुनोला सांग ना, अर्ध्या मिनिटात देईल." प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्याच प्रश्नाचं उत्तर शोधूया.

हे यंत्र आहे तरी काय?

स्टॉकहोममध्ये टीनेज इंजिनिअरिंग नावाची कंपनी आहे. तिने २०१५ मध्ये 'पॉकेट ऑपरेटर' नावाची छोटी सिंथेसायझर्स बाजारात आणली. पहिली तीन होती पीओ-१२, पीओ-१४ आणि पीओ-१६. किंमत ५९ डॉलर. पुढच्या वर्षी आलेल्या पीओ-२० चं नाव 'आर्केड', आणि आवाजही आर्केड गेमसारखे. माझ्याकडे तेच आहे.

हातात घेतलं की पहिल्यांदा वाटतं, याचं कव्हर कुठे राहिलं? कारण कव्हर नसतंच. उघडा सर्किट बोर्ड, वर छोटा एलसीडी, दोन नॉब, आकडे घातलेली सोळा बटणं, मागे रिमोटला लागतात तसे दोन ट्रिपल-ए सेल. छोटा स्पीकर आतच आहे, आणि इअरफोनची ३.५ मिमी पिन लावता येते. पेटीसारखी कळपट्टी नाही. वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही, अकाउंट काढायचं नाही, अपडेट येत नाही.

काम कसं चालतं? सोळा बटणं म्हणजे सोळा घरं. यंत्र एक ते सोळा असं ओळीने फिरत राहतं आणि ज्या घरात तुम्ही आवाज ठेवलाय तिथे तो वाजतो. सोळा संपले की पुन्हा एक. याला सिक्वेन्सर म्हणतात. असा सोळा घरांचा एक पॅटर्न झाला की दुसरा बनवायचा, मग ते एकापुढे एक जोडायचे. दोन यंत्रं साध्या ऑडिओ केबलने जोडली तर दोघांची लय एक राहते. स्टिरिओच्या एका बाजूने आवाज जातो, दुसऱ्या बाजूने लयीची टिकटिक.

चार आवाजांत संसार

चिपट्यून म्हणजे जुन्या गेम कन्सोलच्या आणि कॉम्प्युटरच्या साउंड चिपवर वाजवलेलं, किंवा त्या धाटणीचं संगीत. काटेकोर बोलायचं तर आवाज त्या चिपमधूनच यायला हवा. पॉकेट ऑपरेटरमध्ये तशी जुनी चिप नाही. त्यातला आधुनिक प्रोसेसर तसे आवाज तयार करतो. म्हणून काही जुने जाणकार याला चिपट्यून म्हणायला नाक मुरडतात. पण विचार करायची पद्धत तीच असते, आणि ती समजून घ्यायला १९८९ चा निन्टेन्डो गेम बॉय उत्तम.

गेम बॉयमध्ये एका वेळी फक्त चार आवाज वाजू शकतात. दोन 'पल्स' चॅनेल, म्हणजे तो ओळखीचा चौकोनी, टोकदार आवाज. एक 'वेव्ह' चॅनेल, ज्यात ३२ बिंदूंची लाट आपण स्वतः आखू शकतो. आणि एक 'नॉईज', म्हणजे नुसती खरखर. ती बारीक कापली की झांजेसारखी वाजते, जरा लांबवली की ड्रमसारखी. बस्स. यात चाल, बेस, ताल सगळं बसवायचं.

मग तीन स्वरांचा कॉर्ड कसा वाजवायचा? तिन्ही चॅनेल त्यात खर्च केले तर चालीला काय उरलं? इथे एक भारी युक्ती निघाली. एकाच चॅनेलवर तीन स्वर एकामागून एक इतक्या वेगाने फिरवायचे, सेकंदाला साधारण ६० वेळा बदलत, की कानाला ते एकत्रच वाटावेत. गेममधला तो थरथरता 'टिरिरिरि' आवाज आठवतोय? तो हाच. एका कमतरतेवर काढलेला उपाय पुढे त्या संगीताची ओळखच होऊन बसला.

आणि हे आपल्यापासून फार लांबचं नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतेक निन्टेन्डोच्या कन्सोलची नक्कल होते. साउंड चिपसुद्धा नकलीच. तुमच्या दादाला किंवा मामाला विचारा, तो ट्यून तोंडाने वाजवून दाखवेल. नोकिया ३३१० मध्ये 'कंपोझर' होता, त्यात बटणं दाबून एकेक स्वर टाकत लोक स्वतःची रिंगटोन बनवायचे. एकच आवाज, मोजके स्वर. खिशातलं संगीतयंत्र आपल्या घरात येऊन गेलंय, आपण त्याला तसं म्हटलं नाही एवढंच.

सोळा घरं आणि तीनताल

मला या यंत्राची खरी गोडी लागली ती इथे. सोळा घरं, चार-चारचे चार गट. म्हणजे आपला तीनताल! पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या घरात टाळी, नवव्यात खाली. एका घराला एक मात्रा धरली की एक पॅटर्न म्हणजे एक आवर्तन. केरवा आठ मात्रांचा, तो दोनदा बसतो.

पण दादरा सहा मात्रांचा. सोळाला सहाने भाग जात नाही. मग डोकं चालवावं लागतं. तीन पॅटर्न जोडले की ४८ घरं होतात, आणि त्यात दादऱ्याची बरोबर आठ आवर्तनं बसतात. झपताल दहा मात्रांचा, त्याला पाच पॅटर्न लागतात, ८० घरांत आठ आवर्तनं. रूपक सात मात्रांचा, त्याला सात पॅटर्न आणि सोळा आवर्तनं. हा हिशोब कागदावर मांडून, प्रत्येक सम कुठल्या पॅटर्नच्या कुठल्या घरात येते हे शोधून मी दादरा बसवला. त्या दिवशी मला सम जितकी कळली, तितकी ती नुसती ऐकून कधी कळली नव्हती.

चालीचंही तसंच. गेम बॉयवर तानपुऱ्यासारखा षड्ज सतत धरून ठेवायचा म्हटलं तर चारपैकी एक चॅनेल कायमचा गेला. मग बेस हवा की दुसरी चाल? काहीतरी सोडावंच लागतं. आपलं संगीत कॉर्डपेक्षा एका चालीवर उभं असतं, त्यामुळे कमी चॅनेलमध्ये ते पाश्चात्त्य संगीतापेक्षा सोपं बसतं, असं माझं मत आहे.

याचा सगळ्यात मोठा दाखला मुंबईतलाच आहे. हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं घेऊन दहा रागांचा एक अल्बम रेकॉर्ड केला. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र गिटारवाल्यांना सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून निघालं होतं. ते चाललं नाही आणि १९८४ मध्ये बंद पडलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि सिंग यांनी तिचा वापर रागासाठी केला. शिकागोत याच यंत्रावर 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार जन्मला तो त्यानंतर. त्याचा पहिला गाजलेला रेकॉर्ड १९८७ चा. सिंग यांचा अल्बम तेव्हा फारसा कुणी घेतला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले.

पण एआयसुद्धा चिपट्यून बनवतो की!

हो, बनवतो. "८-बिट गेम म्युझिक, भूप रागात" असं टाइप करा, काहीतरी नक्की मिळेल, आणि कदाचित माझ्या दादऱ्यापेक्षा कानाला बरंही लागेल. त्यामुळे "हा आवाज म्हणजे माणसाच्या मेहनतीची खूण" हा दावा आता टिकत नाही. ९७ टक्क्यांचा आकडा तेच सांगतो.

फरक बघायचा असेल तर निर्णय मोजा. चार आवाज गुणिले सोळा घरं, म्हणजे ६४ जागा. प्रत्येक जागेवर मी ठरवलंय, इथे वाजेल किंवा इथे गप्प राहील. प्रॉम्प्टमध्ये माझे निर्णय किती? पाच-सहा शब्द. बाकीचे हजारो निर्णय त्या मॉडेलने घेतले, लाखो गाण्यांवरून शिकून. ती गाणी परवानगीशिवाय वापरली, असं म्हणत अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सुनो आणि युडिओवर दावे ठोकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिव्हर्सलने युडिओशी आणि नोव्हेंबरात वॉर्नरने सुनोशी तडजोड केली. भांडण हळूहळू लायसन्सच्या करारांकडे वळतंय. म्हणजे ही साधनं कुठेही जाणार नाहीत, हे गृहीत धरूनच चालायचं.

एआय वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आजीच्या पंचाहत्तरीला तिच्या नावाचं गाणं हवं असेल आणि घरात कुणाला गाता येत नसेल, तर खुशाल बनवा. पण "मला गाणं हवंय" आणि "मला गाणं करता यायला हवंय" या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली आता जवळपास फुकटात भागते. दुसरी विकत मिळत नाही. अठराव्या-विसाव्या वर्षी आपण कुठली गरज भागवतोय, हे एकदा स्वतःला विचारायला हवं, कारण दोन्हीकडे वेळ सारखाच जातो.

मालकीचा प्रश्न

हा प्रश्न रील्स आणि यूट्यूब करणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलं, की नुसत्या प्रॉम्प्टने कुणी लेखक ठरत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटरने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्मिती घडवून आणणारी व्यक्ती, असं कलम आहे. पण घडवून आणणारी व्यक्ती कोण? टाइप करणारा की मॉडेल बनवणारी कंपनी? कलम जुनं आहे, ते लिहिताना असली साधनं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग विभागाने एआय प्रशिक्षणासाठी सक्तीचं लायसन्स आणि निर्मात्यांना रॉयल्टी सुचवणारा मसुदा काढला, तोही अजून चर्चेचाच भाग आहे.

घर-घर भरून केलेल्या स्वतःच्या चालीत ही भानगड नाही. संगीतकार तुम्हीच. मात्र एक लक्षात ठेवा. सिनेमातलं गाजलेलं गाणं ८-बिटमध्ये वाजवलं म्हणून ते तुमचं होत नाही. आवाज बदलला तरी चालीचा हक्क मूळ मालकाकडेच राहतो.

मग यंत्र विकत घ्यायचं का?

घाई करू नका. हे यंत्र परदेशी आहे, आयात शुल्क आणि कुरिअर धरून भारतात महाग पडतं. शिवाय "साधेपणा" हाही आता विकायचा माल झालाय. याच कंपनीच्या ओपी-१ फील्ड या सिंथेसायझरची किंमत २०२२ मध्ये १,९९९ डॉलर होती! नवं यंत्र घेतलं की संगीत सुचेल असं वाटणं, हा या छंदातला जुनाच आजार आहे.

तुमच्याकडे फोन आहे, तेवढ्यावर सुरुवात होते. 'बीपबॉक्स' ही फुकट वेबसाइट ब्राउझरमध्ये चालते, इन्स्टॉल काही करायचं नाही. गंमत म्हणजे अख्खं गाणं तिच्या लिंकमध्येच साठवलं जातं. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की समोरच्याला गाणं मिळतं, आणि तो त्यातच बदल करून परत पाठवू शकतो. एका बारमध्ये किती मात्रा हेही बदलता येतं, त्यामुळे दादरा सरळ बसतो. कॉम्प्युटर असेल तर 'फर्नेस' हा फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम बघा, त्यात गेम बॉयसकट अनेक जुन्या चिप आहेत. गेम बॉयवरच काम करायचं असेल तर 'एलएसडीजे' हा २००० सालापासूनचा प्रोग्राम जगभरचे चिपट्यूनवाले वापरतात. त्यातलं एक गाणं ३२ किलोबाइटमध्ये मावतं. तुम्ही सकाळी ढकललेला गुड मॉर्निंगचा फोटो याच्यापेक्षा मोठा असतो.

यंत्राचा एक फायदा मात्र फोनला नाही. त्यावर नोटिफिकेशन येत नाही. लोकलमध्ये इअरफोन लावून बसलं की पुढचा पाऊण तास फक्त ती सोळा घरं असतात. ज्याला फोनवर दहा मिनिटंही एका जागी टिकता येत नाही, त्याने उसनं मिळालं तर एकदा वापरून बघावं.

या आठवड्यात एवढंच करा. बीपबॉक्स उघडा, फक्त चार चॅनेल ठेवा. एका चॅनेलवर षड्ज धरा, दुसऱ्यावर सा रे ग प ध या पाचच स्वरांत सोळा मात्रांची चाल बांधा, तिसऱ्यावर बेस, चौथ्यावर नॉईजने ताल. नवव्या मात्रेला ताल मुद्दाम रिकामा सोडा, आणि पुन्हा पहिलीवर येताना काय होतं ते ऐका. जमलं नाही तरी लिंक कमेंटमध्ये टाका, मी प्रत्येक ऐकतो.