भोरडी कधी गेली?

वसंत आला हे कुणी सांगावं लागत नाही. पहाटे आंब्यावरून 'कुहूऽ कुहूऽ' सुरू झालं की सगळ्या गल्लीला कळतं. दुपारी वडावर बसून तांबट 'टुक्... टुक्... टुक्' करत राहतो, जणू कुणी तांब्याचा हंडाच ठोकतंय! खरं तर हे दोघंही वर्षभर आपल्याकडंच असतात. हिवाळ्यात गप्प असतात म्हणून आपलं लक्ष जात नाही, एवढंच. आणि बरं का, 'कुहू' करणारा काळाभोर पक्षी नर असतो. ठिपक्यांची मादी नुसती 'किक्-किक्' ओरडते.

पण याच दिवसांत काही पाहुणे आपलं बिऱ्हाड हलवत असतात. ते मात्र आपल्याला कळतच नाही.

पैठणच्या नाथसागराचंच घ्या. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि १९८६ मध्ये त्याचा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात तिथं बदकांची, चक्रवाकांची गर्दी असते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंसही येतात. मार्च उजाडला की हे हंस हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडं निघतात. सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडताना त्यांची नोंद झाली आहे. कळसूबाई हे आपलं सर्वांत उंच शिखर १६४६ मीटरचं. म्हणजे चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी हे हंस त्यांच्यावरूनच जाणार!

सगळ्यांत उशिरा निघणाऱ्यांपैकी एक पाहुणी म्हणजे भोरडी. तिला पळसमैना असंही म्हणतात. आकार साळुंकीएवढा. डोकं, पंख आणि शेपूट काळी, बाकी अंग गुलाबी. हिवाळ्यात ती मळकट दिसते, कारण पिसांची टोकं तपकिरी असतात. वसंतापर्यंत ती टोकं झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. नवे कपडे न घेताच नवी दिसते की नाही? पळस, पांगारा, सावर फुलली की भोरड्या फुलांतला रस प्यायला जमतात. चोचीला, कपाळाला पराग लागतो आणि या फुलाचा त्या फुलाला पोचतो.

मागं वर्गात हे सांगत होते, तेव्हा एक शेतकऱ्याचा मुलगा ताडकन उठला. म्हणाला, "बाई, भोरडी चोर आहे! आमची ज्वारी खाती. माझे आजोबा दिवसभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतात."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हजारोंचा थवा शाळूत उतरला तर वर्षाची मेहनत जाते. शेतकऱ्यानं हाळी देऊन, डबे वाजवून थवा उठवायलाच हवा. पण भोरडीची दुसरी बाजूही बघा. एप्रिलमध्ये ती मध्य आशियाकडं जाते. तिथं टोळ आणि नाकतोडे भरपूर असतात, तेव्हा ती पिल्लं वाढवते आणि त्यांना हेच किडे भरवते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर तिनं घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचतात. २०२० च्या मे महिन्यात आपल्या विदर्भातही टोळधाड आली होती. ते वाळवंटी टोळ निराळ्या जातीचे. पण एक चौरस किलोमीटरची छोटी धाडसुद्धा दिवसाला ३५ हजार माणसांएवढं खाते, म्हणजे टोळ किती खादाड असतात ते कळलं ना? इथला चोर तिथला राखणदार! शिवाय आपल्या शेतातले किडेही ती टिपतेच.

आता आजचा प्रश्न : भोरडी आपल्या गावातून कधी गेली?

सोपा वाटतो, पण गंमत अशी की ती गेली हे त्या दिवशी कळतच नाही. आज थवा दिसला, उद्या नाही दिसला, तर ती कदाचित पलीकडच्या शिवारात असेल. आठ-दहा दिवस सलग दिसली नाही, मग वहीत मागं जाऊन बघायचं. शेवटचं 'दिसली' लिहिलेली तारीख सापडते. ज्याच्याकडं वही नाही, त्याला ती तारीख कधीच सापडत नाही. म्हणून 'आज दिसली नाही' हीसुद्धा मोलाची नोंद असते.

मोठी माणसंही हेच करतात. देशभरातल्या तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या जवळजवळ तीन कोटी नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांचा एक अहवाल निघाला. त्यातून कळलं की कोकिळ वाढलाय, पण तारेवर बसणारा निळ्या पंखांचा नीलपंख कमी होत चाललाय. नीलपंख परदेशी जात नाही, त्यामुळं त्याच्या जाण्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आज एक कमी, पुढच्या वर्षी आणखी एक. रोज लिहिणाऱ्यांमुळंच ते उमगलं. उमगलं, तरच काही करता येईल.

तर मग वही काढा. गुढीपाडव्यापासून एक मेपर्यंत रोज संध्याकाळी दहा मिनिटं गच्चीत नाहीतर बांधावर उभे राहा. शहरातल्यांनी आईबाबांबरोबर सलीम अली सरोवराच्या बाजूला जावं. तारीख, वेळ, जागा, कोणता पक्षी, अंदाजे किती, एवढंच लिहायचं. भोरडी आणि नीलपंख दिसले नाहीत तर 'नाही' असं स्पष्ट लिहा. अभ्यास बुडणार नाही, दहाच मिनिटं आहेत! शेतावर आजी-आजोबा असतील तर त्यांनाही विचारा, पूर्वी थवे केव्हा उठायचे? तेही लिहून ठेवा.

आणि वही परीक्षेनंतर रद्दीत घालू नका हं! जुलै-ऑगस्टपासून भोरड्या आपल्या देशात परतू लागतात. तेव्हा पुढच्या पानावर नवा प्रश्न लिहायचाय : भोरडी कधी आली?