उपाशी म्हणजे उपवास नव्हे!

“अहो ताई, चहाच तर दिला होता मी तिला!” आमच्या भागातल्या एका दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या सासूबाई रडकुंडीला येऊन सांगत होत्या. मुलगा चाकणला कंपनीत कामाला, सुनेचं पहिलंच बाळंतपण. बाळ पायाळू म्हणून सिझेरियन आधीच ठरलेलं, सकाळी नऊची वेळ दिलेली. “रात्री बारानंतर उपाशी राहा,” एवढंच त्यांना सांगितलं होतं. पोरीने रात्रभर पाण्याचा थेंब घेतला नाही. सकाळी सात वाजता सासूबाईंना राहवेना. दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं दिली. उपवासाला चहा चालतोच की!

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, पोरीने खरं सांगितलं, आणि ऑपरेशन दुपारी दीडवर गेलं. तोवर तिला पाणी द्यायचं का, हे कोणी सांगितलं नाही आणि यांनीही भीतीपोटी विचारलं नाही. मी पोचले तेव्हा तिच्या ओठांना कोरड पडली होती, डोकं गरगरत होतं. पुढे सगळं सुखरूप झालं, पण तिचे ते हाल माझ्या मनातून जात नाहीत.

मैत्रिणींनो, चूक सासूबाईंची म्हणायची का? आपल्याला हरतालिकेचा निर्जळी उपवास ठाऊक, चहा-साबुदाण्याची एकादशी ठाऊक. ऑपरेशनआधीचं उपाशी राहणं या दोन्हींपेक्षा वेगळं असतं, हे आपल्याला समजावून कोण सांगतं?

यामागचं कारण समजून घेऊ या. भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. गरोदरपणात हा धोका जास्त. 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी 44 हजार बाळंतपणांची नोंद तपासली. 66 जणींच्या फुफ्फुसात पोटातलं गेलं होतं, त्यातल्या दोघी घशात अन्न अडकून दगावल्या. तेव्हापासून ‘तोंडाला काही लावू नका’ हा नियम जगभर रुजला. आता बहुतेक सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन होतात, पण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. म्हणून पोट रिकामं हवंच.

पण पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं, अन्न आणि दूध रेंगाळतं. म्हणून नियम बदलले. हलक्या खाण्यानंतर सहा तास, तेलकट-तुपकट जेवणानंतर आठ तास थांबायचं. मात्र आरपार दिसणारं पातळ पेय, म्हणजे पाणी, बिनदुधाचा चहा, गर नसलेला गाळलेला रस, दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्या भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये ठरलेल्या सिझेरियनसाठी हेच सांगितलं आहे. दूध, ताक, पेज, साबुदाण्याची लापशी यात बसत नाही, बरं का!

याच्याही पुढचं पाऊल म्हणजे कर्बोदकांचं पेय. माल्टोडेक्स्ट्रिन नावाची पूड पाण्यात विरघळवून साधारण 400 मिलिलिटर पेय ऑपरेशनच्या दोन तास आधी देतात. ही पद्धत 1990च्या दशकात स्वीडनमध्ये पुढे आली. 2018 मध्ये सिझेरियनसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही, मधुमेह नसलेल्या बायकांना हे पेय देता येईल, असं आलं. त्याने तहान-भूक कमी होते, बाईला बरं वाटतं. बाळंतीण लवकर बरी होते का, याचा मात्र तेवढा भक्कम पुरावा नाही. त्यामुळे महागडं पाकीट मिळालं नाही म्हणून हळहळू नका. वेळेत प्यायलेलं साधं पाणीही मोठा आधार असतो.

आणि हे घरच्या घरी ठरवायचं नाही! मधुमेह असेल, वजन फार असेल, खूप जळजळ होत असेल, कळा सुरू झाल्या असतील, तर हिशेब बदलतो. तातडीच्या सिझेरियनला तर हे लागूच नाही.

आपल्याकडे गंमत अशी, की नऊची वेळ नऊला राहीलच असं नसतं. मध्येच एखादी अडलेली बाई येते आणि आपला नंबर मागे जातो. ते योग्यच, तिचा जीव आधी. पण मग “आता किती वेळ लागेल, पाणी देऊ का?” असं पुन्हा विचारायला लाजायचं कशाला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रात शंभरातली पंचवीस बाळंतपणं सिझेरियनची निघाली. म्हणजे चारातल्या एकीचा हा प्रश्न आहे. बचत गटाच्या बैठकीत मी आता सांगते, आदल्या दिवशी कागदावर दोन वेळा लिहून घ्या: शेवटचं खाणं किती वाजता आणि शेवटचं पाणी किती वाजता. तो कागद सासूबाईंच्या हातात द्या. चुकून काही खाल्लंच, तर लपवू नका. ऑपरेशन लांबलं तरी चालेल, लपवलेला घास जिवावर बेतू शकतो.

त्या सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन मला म्हणाल्या, “कुणी नीट सांगितलं असतं, तर मी कशाला चहा दिला असता?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून आज तुम्हाला सांगितलं. तुम्ही शेजारणीला सांगा.