स्थलांतर व दृष्ट्यंतर

उतारवयात घर सोडण्याचा प्रसंग आला म्हणजे मनुष्य सामान आधी बांधतो आणि मन मागे ठेवून येतो. आमचेही तसेच झाले. चिरंजिवांची नोकरी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत. रोजचे जाणे-येणे त्यांस झेपेना. सबब नागपूरच्या महालातील जुने बिऱ्हाड हलवावे लागले. अंतर अवघे वीस-पंचवीस किलोमीटरांचे. परंतु आम्ही तो वनवासच मानला. ओळखीचे ग्रंथालय नाही, नित्याची शास्त्रचर्चा नाही, हे आमचे रडगाणे दोन्ही वेळच्या पंगतीस चाले. सूनबाई निमूट वाढीत. चिरंजीव मात्र दिवसेंदिवस मुके होऊ लागले.

त्या मे महिन्यात शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलो असता झाडे पाण्यावाचून मलूल दिसली. पाणी का तोडले, असे मालकीणबाईंस विचारिले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मृगाचा बहार घ्याचा हाये. तान देल्याशिवाय झाड फुलत नाही." ताण दिलेल्या झाडावर मृगाचा पाऊस वेळेवर पडला तर फूल, न पडला तर वर्षाची आशा गेली. पुढे जूनमध्ये पहिला ढग वर आला, तेव्हा त्या बाई बांधावर उभ्या राहून त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या.

आम्ही चमकलो. पीक मेघाच्या हाती म्हणून खेड्यातील स्त्रिया त्याच्याकडे भाबड्या प्रेमाने पाहतात, असे कालिदासाने 'मेघदूता'त वर्णिले आहे. तो श्लोक आम्ही वर्षानुवर्षे शिकविला, समास सोडविले, परीक्षेस घातला. ती दृष्टी मात्र कधी पाहिली नव्हती. यक्षाचा रामगिरी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातील रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशींचे मत. अलकानगरीत त्या यक्षास मेघ दिसत नसतील काय? दिसतच असतील, पण मेघाशी बोलावे, हे त्यास घर सुटल्यावरच सुचले.

तथापि केवळ गाव बदलल्याने दृष्टी येत नाही. 1938 साली विनोबांची प्रकृती फार खालावली. थंड हवेच्या ठिकाणी जावे, असे गांधीजींनी सुचविले. विनोबांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व चिंतांचा मनाने संन्यास केला, तेथे कुदळ हाती घेतली, आणि प्रकृती सुधारली. हवा वर्ध्याचीच, ओझे तेवढे पुलावर राहिले. आम्ही मात्र महालचा वाडा डोक्यावर घेऊनच येथे आलो होतो!

त्या रात्री पंगतीस आम्ही ग्रंथालयाचे नाव न काढता बगीच्याची हकीकत सांगितली. चिरंजिवांनी हातातला घास थांबवून विचारिले, "मग बाबा, पाऊस पडला का?" पुष्कळ दिवसांनी ते आपण होऊन बोलले.

वडीलधाऱ्या वाचकांस एवढेच सुचवितो: मुलांमागे नव्या गावी जाल, तर आपले दुःख पंगतीत वाढू नका. आधी तेथील आभाळ पाहा.