परसबाग : मेंदीला फुलू द्या

भगिनींनो, ईद जवळ आली की आपल्याकडे मेंदी येते ती दुकानातल्या कोनातून. अंगणात झाड असले तरी ते कुंपण म्हणून सदा कात्रीखाली. त्याला फूल येते हेच अनेकींना ठाऊक नसते.

फूल इवलेसे, चार पाकळ्यांचे, पांढरट-पिवळसर; तुऱ्यांनी येते आणि घमघमते. अरबीत त्याला ‘फागिया’ म्हणतात. कनौजचे अत्तरवाले त्यापासूनच ‘गुल-ए-हिना’ काढतात. इंग्रज लोक या झाडाला ‘इजिप्शियन प्रिव्हेट’ म्हणत, कारण पाने आणि तुरे त्यांच्या कुंपणाच्या प्रिव्हेटसारखे दिसतात. पण कडक थंडीत, दंवात ते जगत नाही. आपल्याकडे भीती थंडीची नाही, साचलेल्या पाण्याची. मेंदी कोरड्या मुलखातली. राजस्थानातल्या सोजतची प्रसिद्ध आहे ती उगाच नव्हे. म्हणून कोकणातल्या बहिणींनी उंचवट्यावर, मुरूम-वाळू मिसळून लावावी. मराठवाड्यात तेवढी काळजी नको.

रोपवाटिकेत मेंदी म्हणून कोयनेल गळ्यात मारतात. तिलाही ‘कडू मेंदी’ म्हणतात, पण ती रंगत नाही. पाने चुरगळून तळहातावर अर्धा तास धरा. केशरी डाग उमटला तर खरी.

बी बारीक आणि हट्टी, दोन-तीन आठवडे रोज पाणी बदलत भिजवावे लागते. त्यापेक्षा पावसाच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी घ्या, खालची पाने काढून निम्मी मातीत खोचा. गच्चीवर १२ इंची कुंडी चालेल, मात्र तळाला भोके हवीत आणि दिवसभर ऊन.

फुले येतात नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर. दर महिन्याला शेंडे छाटले तर फूल येणार कुठून? बाकी कुंपण खुशाल कापा. कोपऱ्यातले एक झाड मोकळे सोडा. ते माणसाच्या उंचीवर जाते. जुन्या फांद्यांना काटे येतात, तेव्हा मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

रंगासाठी पाने सावलीत वाळवा, कुटा, मलमलच्या फडक्यातून गाळा. ‘लॉसोन’ या द्रव्यामुळे हात केशरी होतो, दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी. काळा होत नाही. तासाभरात काळीभोर रंगणारी ‘काळी मेंदी’ झाडाची नव्हेच. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी असते. त्याने हातावर फोड येतात, डाग राहतात, आणि पुढे साधा कलपही सोसत नाही. नवरीच्या हाताला तर ती मुळीच लावू देऊ नका.

घरची मेंदीसुद्धा तान्ह्या बाळाला लावू नये. काही मुलांत जन्मतः ‘जी-६-पीडी’ हे द्रव्य कमी असते; अशा बाळाच्या तांबड्या पेशी मेंदीने फुटतात आणि जोराची कावीळ होते. आजी हौसेने चिमुकल्या तळव्यांवर टिकली काढायला बसली, तर तिला एक फुलांचा तुरा द्या. पाळण्याच्या दोरीला बांधायला.