संसारातील प्रश्न: आधी शिष्य, मग इमारत

चिंचपोकळीहून एका भगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. प्रश्न एका घरचा असला तरी तो आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांपुढे निरनिराळ्या रूपांनी उभा आहे, म्हणून त्याचा विचार या सदरात करण्याचे आम्ही योजिले आहे. या बाई स्टेशनाजवळच्या एका जुन्या चाळीत, दोन खोल्यांत, सासू-सासरे, पती, दीर व दोन मुले यांसह राहतात. गेली बारा वर्षे त्या मुलामुलींस गायन शिकवितात. २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली तेव्हा त्यांनी मोबाइलवरून शिकवणी चालू ठेवली आणि तेव्हापासून बदलापूर, विरार येथे राहावयास गेलेल्या शिष्यांचाही संबंध तुटला नाही. आता प्राथमिक गायनाचे पाठ चित्रफितींच्या रूपाने तयार करून स्वतःच्या संकेतस्थळावरून विकावेत, असे त्यांच्या मनात आहे. एका कंपनीने ते संकेतस्थळ बांधून देण्यास तीन लाख रुपये सांगितले आहेत. दिरांचा उत्साह दांडगा आहे. सासूबाईंनी आपल्या पाटल्या पुढे केल्या आहेत. सासरे मात्र म्हणतात की, विद्या विकणे आपल्या घराण्यास शोभत नाही. ‘मी कोणाचे ऐकू?’ असा बाईंचा प्रश्न आहे.

प्रथम सासऱ्यांच्या आक्षेपाचा विचार करू. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेतन घेऊन शिकविणाऱ्यास मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य ठरविले आहे, हे त्यांस ठाऊक असणारच. परंतु ज्या घरात गेल्या तीनचार पिढ्यांत एकही मास्तर वा प्राध्यापक पगारावर राहिला नाही, असे घर आमच्या वाचकवर्गात शोधूनही सापडणार नाही. आणि त्या पगारास कोणी पाप म्हटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. या बाबतीत आम्हांस कालिदासाचा निवाडा अधिक मार्मिक वाटतो. ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा वाद जुंपतो. जो परीक्षेस भितो, निंदा निमूटपणे सोसतो आणि ज्याची विद्या केवळ पोटापुरती असते, त्यास तेथे गणदास ज्ञानाचा वाणी म्हणतो. बोलणारा गणदास स्वतः राजाच्या वेतनावर आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. म्हणजे दोष द्रव्य घेण्यात नसून परीक्षा टाळण्यात आहे. शिवाय त्या आचार्यांची परीक्षा त्यांच्या स्वतःच्या कौशल्यावरून होत नाही. ती शिष्येच्या प्रयोगावरून व्हावी असे ठरते. कोणी स्वतः उत्तम करतो, कोणी दुसऱ्यास उत्तम शिकवितो आणि दोन्ही ज्यास साधते तोच शिक्षकांत श्रेष्ठ, असा अभिप्राय तेथे परिव्राजिकेच्या तोंडी आहे. चित्रफीत विकावयास निघालेल्या प्रत्येकाने हा अभिप्राय मनाशी बाळगावा. चित्रफितीत गुरूचे कौशल्य दिसते. त्यास शिकविता येते की नाही, हे शिष्याने गाऊन दाखविल्यावाचून कळत नाही.

आता तीन लाखांच्या इमारतीकडे वळू. चिंचपोकळीपासून फार दूर नसलेल्या सँडहर्स्ट रोडवर (आता त्यास सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात) एके काळी गांधर्व महाविद्यालयाची मोठी वास्तू उभी होती. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास हे विद्यालय स्थापिले आणि १९०८ साली मुंबईस त्याची शाखा काढली. घराण्याच्या भिंतींत कोंडलेले गायन फी भरणाऱ्या कोणाही सज्जनाच्या मुलामुलींस क्रमवार शिकवावे, पुस्तके छापून ती दूरवर पाठवावीत, परीक्षा घ्याव्यात, ही त्यांची कल्पना त्या काळी नवीच होती. आजच्या चित्रफितीच्या पाठांचे बीज आम्हांस तेथे दिसते. परंतु मुंबईची वास्तू कर्ज काढून बांधलेली होती. कर्ज फिटले नाही आणि अखेर ती इमारत धनकोंच्या हाती गेली.

इमारत गेली म्हणून विद्यालय गेले काय? पंडितजींनी आपल्याजवळ ठेवून वर्षानुवर्षे तयार केलेले शिष्य उरलेच होते. बा. र. देवधर यांनी १९२५ साली मुंबईतच ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर व नारायणराव व्यास यांची नावे तर सर्वतोमुखी झाली. १९३१ साली पंडितजी निवर्तले आणि त्याच वर्षी शिष्यांनी स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांस आजही हजारो मुले बसतात. आमच्या या भगिनींस आमचे सांगणे याच हकीकतीत आले: संकेतस्थळ ही इमारत होय, ती कर्जावर वा सासूबाईंच्या पाटल्यांवर बांधू नये. आधी शिष्य जमवावे. शिष्यांच्या फीतून इमारत आपोआप उभी राहील.

मग पहिले सहा महिने करावे काय? सुरुवात क्रम ठरविण्यापासून करावी. वाळकेश्वरास जन्मलेले वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या सहा भागांच्या मालिकेस ‘क्रमिक पुस्तक’ असे नाव दिले, यात मोठा अर्थ आहे. कोणत्या पाठानंतर कोणता पाठ, हे ज्याने ठरविले त्याने निम्मे शिकविले. बाईंनी बारा पाठ योजावेत. एकेक पाठ आठदहा मिनिटांहून मोठा नसावा. आणि प्रत्येकाच्या अंती शिष्याने काय गाऊन दाखवावयाचे, ते स्पष्ट सांगावे. चित्र घेण्यास हातातील मोबाइल पुरे. खर्च करावयाचाच तर तो आवाजाच्या मायक्रोफोनवर करावा, कारण अंधुक चित्र विद्यार्थी सोसतो, परंतु फाटका सूर सोसत नाही. चिंचपोकळीस न थांबता धडधडत जाणाऱ्या जलद गाड्यांचा आवाज पुरता बंद होणे शक्य नाही. तरी खिडकीवर जाड गोधडी टांगून, भिंतीशी गाद्या उभ्या करून रात्री उशिरा पाठ मुद्रित केला तर पुष्कळ फरक पडतो. गणेशोत्सवाचे दिवस मात्र या कामातून वगळलेलेच बरे. चिंतामणीच्या मिरवणुकीपुढे कोणाच्या तंबोऱ्याचे काय चालणार!

हे पाठ दहा शिष्यांस द्यावेत आणि फी यूपीआयने थेट खात्यात घ्यावी. २०१६ पासून चालू झालेल्या या सोयीमुळे दहा जणांची फी घेण्यास दुकान थाटण्याचे कारण उरलेले नाही. प्रत्येक शिष्याने आठवड्यास आपले गायन मुद्रित करून पाठवावे आणि बाईंनी ते ऐकून कोठे सूर उतरला, कोठे ताल सुटला, हे सांगावे. हा या व्यवहाराचा प्राण होय. चित्रफितीची नक्कल कोणीही करील. तीस कितीही कुलपे लावली तरी पडद्यावर दिसणारी वस्तू दुसऱ्या यंत्राने टिपता येतेच. बाईंनी केलेली दुरुस्ती मात्र ज्याची त्यालाच लागू पडते. ती चोरून कोणाच्या उपयोगाची नाही. शिष्यामागे दहा मिनिटे धरली तर तीस शिष्यांस आठवड्याचे पाच तास लागतील. घरकाम सांभाळणाऱ्या गृहिणीने याहून अधिक अंगावर घेऊ नये, आणि फी ठरविताना हे पाच तास हिशेबात धरावेत.

दहाचे तीस झाले म्हणजे संकेतस्थळाचा विचार करावा. त्याचे भाग चार: नाव, जागा, चित्रफितींचे कोठार आणि पैसे घेण्याची खिडकी. नावाचा वार्षिक खर्च सामान्यतः हजार रुपयांच्या आतबाहेर असतो; २०१४ पासून ‘.भारत’ असे देवनागरी नावही घेता येते. हे नाव बाईंच्या स्वतःच्या नावावर नोंदवावे. बांधणाऱ्या कंपनीच्या नावावर ते कदापि नसावे. नाहीतर कंपनीशी बिनसले त्या दिवशी दारावरची पाटीच परक्याची ठरते. मूळ चित्रफिती, शिष्यांची यादी व सर्व परवलीचे शब्द घरच्या ताब्यात असावेत. चित्रफिती संकेतस्थळाच्या साध्या जागेत ठेवू नयेत. मध्यम प्रतीच्या तासाभराच्या चित्रफितीस सुमारे ९०० मेगाबाइट लागतात. दोन तासांचे पाठ शंभर जणांनी एकदा पाहिले तर १८० गिगाबाइटांची वाहतूक झाली. हा भार वाहणाऱ्या स्वतंत्र सेवा भाड्याने मिळतात, त्याच वापराव्या. पैसे घेणाऱ्या मध्यस्थांची दलाली बहुधा शेकडा दोनच्या सुमारास पडते.

पाठ विकणारे मोठे परके बाजारही आहेत. तेथे वर्दळ असते. परंतु भाव व सूट पुष्कळदा बाजारवाला ठरवितो आणि शिष्याचे नाव-पत्ते आपल्या हाती येतीलच असे नाही. जाहिरातीपुरता एखादा विनामूल्य पाठ तेथे ठेवावा, परंतु बिऱ्हाड तेथे थाटू नये.

कायद्याच्या दोनचार गोष्टी सांगणे अवश्य आहे. सिनेमाची गाणी वा कोणाची ध्वनिमुद्रिका परवानगीवाचून पाठात घालू नये. १९५७ च्या कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो. परंपरेच्या जुन्या बंदिशी सर्वांच्याच आहेत. पलुसकर व भातखंडे यांच्या मूळ ग्रंथांवरील मुदतही केव्हाच संपली आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती ठेवावयाची तर पालकांची खात्रीलायक संमती घ्यावी, अशी २०२३ च्या कायद्यात तरतूद आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः सक्तीची नसते. परदेशी शिष्य वाढू लागताच मात्र जाणत्या सल्लागारास विचारावे.

अखेरची गोष्ट घरातील माणसांविषयी. दोन खोल्यांच्या संसारात तासभर शांतता ही मागून मिळणारी वस्तू नव्हे. ती घरच्यांनी आपण होऊन द्यावी लागते. दिरांनी आपला उत्साह हिशेब व पत्रव्यवहार सांभाळण्याकडे लावावा. सासऱ्यांस बंदिशींचे शब्द व त्यांचे शुद्ध उच्चार तपासण्याचे काम द्यावे. विद्येची प्रतिष्ठा राखावयाची तर ती राखण्यास त्यांच्याइतका योग्य मनुष्य घरात दुसरा कोण? फीचे पैसे बाईंच्या स्वतःच्या खात्यात जमावेत आणि त्यांतून घरास काय द्यावयाचे, ते त्यांनी ठरवावे. बारा वर्षे ज्यांनी शिकविले त्यांस एवढा अधिकार असलाच पाहिजे. सासूबाईंचे औदार्य थोर खरे, परंतु त्यांच्या पाटल्या त्यांच्याच हातांत शोभतात. सहा महिन्यांनी तीस शिष्य झाले तर पाटल्यांची गरज पडणार नाही. आणि न झाले तर पाटल्या मोडूनही ते झाले नसते.

ज्या वाचकांनी असा उद्योग घरी करून पाहिला असेल त्यांनी आपला अनुभव, विशेषतः किती शिष्य शेवटच्या पाठापर्यंत टिकले तो आकडा, अवश्य कळवावा. तो या भगिनींच्याच नव्हे, तर अनेकींच्या उपयोगी पडेल.