बीडीडी चाळी पडताहेत. आठवणी कोण नोंदवणार?

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग. बीडीडी चाळी टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळतेय, याचा आनंद आहेच आणि असायलाच हवा. सार्वजनिक संडासापुढे रांगा लावून ज्यांनी तीन पिढ्या काढल्या, त्यांना 'चाळसंस्कृती'चे गोडवे ऐकवणाऱ्यांनी आधी तिथे एक पावसाळा काढून बघावा. पण इमारतीबरोबर माणसेही पांगतात, आणि आपल्या चळवळीचा मोठा दस्तऐवज या माणसांच्या डोक्यातच आहे.

शहराच्या इतिहासाची पुस्तके उघडा. किल्ला, गोदी, गिरण्या, नाटकगृहे सापडतील. गिरणगावावर लिहितानाही बहुतेक जण 'कामगार' एवढेच लिहून मोकळे होतात. अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला, म्हणून तो नोंदला तरी गेला. त्या खात्याच्या दारातून परत आलेला माणूस घरी येऊन काय बोलला, हे कुठल्या दप्तरात सापडेल?

यावर आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात, आठवणींवर काय विश्वास ठेवायचा, माणूस विसरतो, वाढवून सांगतो. विसरतोच. पण जानेवारी १९७४ मध्ये वरळीत पँथरच्या सभेनंतर जे घडले, त्याची पोलिसांनी केलेली नोंद तरी तटस्थ कशी मानायची? भागवत जाधव शहीद झाले त्या दिवसांत चाळीत दारे लावून बसलेल्या बायांनी काय पाहिले, हा पुरावा नाही का? बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' लिहिताना हेच केले. मसूर स्टेशनवरून पुढचा प्रवास, बडोद्यातली पारशी खानावळ हे स्वतःचे अनुभव, आणि त्यांच्या जोडीला काठियावाडातल्या एका शिक्षकाचे पत्र. अस्पृश्यता काय असते हे सांगायला त्यांना अनुभव हाच पुरावा वाटला.

रस्ता पुढेही दाखवला गेला आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले, त्यातून 'आम्हीही इतिहास घडवला' उभे राहिले. वसंत मून यांनी नागपुरातली आपली वस्ती 'वस्ती'त लिहिली. मुंबईच्या प्रत्येक चाळीसाठी असे काही का होऊ नये?

फक्त 'बाबासाहेबांना पाहिलेत का?' एवढाच प्रश्न विचारून थांबू नका. कोकणातून आल्यावर पहिली रात्र कुणाच्या खोलीत काढली, विहाराची वर्गणी कोण गोळा करायचे, देव्हारा कोणत्या दिवशी उतरवला आणि घरातले कोण रडले, हेही विचारा. आणि अडचणीचेही विचारा. रिपब्लिकन पक्ष फुटला तेव्हा शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला का? भाषण गाजवून आलेला कार्यकर्ता घरात बायकोवर हात उगारायचा का? मातंग, चर्मकार कुटुंबांशी आपण कसे वागलो? हे वगळले तर तयार होईल ती आपली जाहिरात. दोन माणसे एकच प्रसंग वेगवेगळा सांगतील. दोन्ही ठेवा, जुळवाजुळव करू नका.

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट मला खटकत राहिली. वस्तीत येऊन मुलाखती घ्यायच्या, इंग्रजीत प्रबंध लिहायचा आणि सांगणाऱ्या आजीच्या हाती काहीच पडत नाही. तिच्या परवानगीशिवाय तिचे नाव छापू नये, ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या घरी आणि एक विहाराच्या ग्रंथालयात असावी, आणि एखादा भाग काढून टाका असे ती म्हणाली तर तो काढावा.

घाई एवढ्यासाठी, की ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर चितेसमोर लाखभर लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांत जो पंधरा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे आहे. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेलेल्यांचे पत्ते चाळ कमिटीकडे असतात. मोबाईल पुरतो, शांत खोली लागते. दुपारी जावे; संध्याकाळी मालिका सुरू झाल्या की आज्या बोलत नाहीत.